संकेतस्थळावरील विक्री व पैशाचा भरणा

आपल्या वाचकांपैकीं पुष्कळ बागायतदार आतां आंबा, काजू, गूळ, हळद असा माल दलालावांचून थेट गिऱ्हाइकास विकूं लागले आहेत. कित्येकांनीं त्यासाठीं स्वतःचें लहानसें संकेतस्थळही उघडलें आहे. अशा स्थळास पैसे घेण्याची सोय कशी जोडावी, हें या लेखांत सांगण्याचा विचार आहे.

प्रथम स्वतःची चूक सांगतों. माझ्या पुतण्यानें हापूसच्या पेट्या विकावयास काढल्या व हिशेब माझ्याकडे सोंपविला. एका गिऱ्हाइकानें पैसे पाठविल्याचें दाखविणारें मोबाइलच्या पडद्याचें चित्र धाडलें; तेवढ्यावर आम्हीं चार पेट्या रवाना केल्या. खात्यांत पैसे आलेच नाहींत. ६,००० रुपये बुडाले. महसूल खात्यांत कारकुनी करतांना, पक्षकारानें आणलेली चलनाची प्रत कोषागाराच्या नोंदीशीं ताडल्याखेरीज रक्कम जमा धरूं नये, हा नियम मीं जन्मभर पाळला. घरच्या व्यापारांत मात्र तो विसरलों. पुढील सर्व विवेचनाचें सार त्या एका नियमांत आहे.

यूपीआय २०१६ सालीं सुरू झालें, तेव्हांपासून मोबाइलवरून पैसे देणें खेडोपाडीं रूढ झालें. संकेतस्थळावर यूपीआय, कार्ड इत्यादि मार्गांनीं पैसे घ्यावयाचे तर रेझरपेसारख्या मध्यस्थ कंपनीकडे खातें काढावें लागतें. अशा मध्यस्थांसाठीं रिझर्व्ह बँकेनें मार्च २०२० मध्यें नियम घालून दिले. म्हणून तिची परवानगी असलेलाच मध्यस्थ निवडावा. नंतर पुढील गोष्टी सांभाळाव्या. उदाहरणें रेझरपेच्या रीतीचीं आहेत.

(१) मागणी प्रथम आपल्या सर्व्हरवर नोंदावी व रक्कम तेथेंच ठरवावी. गिऱ्हाइकाच्या ब्राउझरकडून आलेला आंकडा खरा मानूं नये. तो बदलतां येतो. रक्कम पैशांत कळवावयाची असते. १,५०० रुपयांसाठीं १५०००० लिहावें. दोन शून्यें राहिलीं तर पेटी १५ रुपयांस जाईल.

(२) मध्यस्थाकडून दोन किल्ल्या मिळतात. त्यांतील गुप्त किल्ली केवळ सर्व्हरवर ठेवावी. ती पानाच्या मजकुरांत राहिल्यास तिजोरीची किल्ली दारास टांगल्यासारखें होईल.

(३) भरणा होतांच मागणीचा क्रमांक, भरण्याचा क्रमांक व एक सांकेतिक सही ब्राउझरमार्फत येते. गुप्त किल्लीच्या साह्यानें तीच सही आपल्या सर्व्हरनें स्वतंत्रपणें काढावी. दोन्ही जुळल्या तरच भरणा खरा धरावा.

(४) पैसे कापले गेल्यावर गिऱ्हाइकाचें नेट तुटलें तर ब्राउझर कांहींच कळवीत नाहीं. यासाठीं मध्यस्थाचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला परस्पर वर्दी देतो. तीस वेबहुक म्हणतात. ही व्यवस्था अवश्य करावी व तिचीही सही तपासावी. एकच वर्दी दोनदां येऊं शकते. म्हणून भरण्याचा क्रमांक पाहून ती एकदांच नोंदावी, नाहीं तर एका पैशांत दोन पेट्या जावयाच्या.

(५) विक्री उघडण्यापूर्वीं चाचणीच्या सोयीनें लटके भरणे करून पाहावे: एक पुरा झालेला, एक फसलेला व एक अर्ध्यांत सोडलेला.

मध्यस्थ आपलें शुल्क व त्यावरील जीएसटी कापून अनेक भरण्यांची रक्कम एकत्र बँकेंत जमा करतो. म्हणून कीर्दींत मागणीची रक्कम, कापलेलें शुल्क व बँकेंतील जमा असे तीन रकाने आंखून रोज ताळा घ्यावा.

ही दक्षता म्हणजे गिऱ्हाइकावर अविश्वास नव्हे. त्याच हंगामाच्या अखेरीस एका बाईंचे पैसे कापले गेले, पण त्यांच्या मोबाइलवर भरणा फसल्याचें दिसलें. तोंवर आम्हीं वेबहुक जोडलें होतें. वर्दी आलेली पाहून, त्यांनीं तक्रार करण्यापूर्वींच पेटी पाठविली. ज्या ताळ्यानें लबाड पकडला जातो, त्याच ताळ्यानें सज्जनास न्याय मिळतो. हें ध्यानांत ठेवून आपल्या बांधवांनीं ही सोय जोडून घ्यावी, एवढीच विनंती.