शोधप्रस्तावाचे आवाहन

राज्यशास्त्राची एखादी परिषद भरते तेव्हा वृत्तपत्रांत तिच्या उद्घाटनाचे छायाचित्र येते. परंतु परिषद खऱ्या अर्थाने सुरू झालेली असते ती त्याआधी सहा-आठ महिने, एका साध्या पत्रकाने. परिषदेचा मुख्य विषय, त्याखाली येणारे पाच-सात उपविषय, प्रस्तावाची शब्दमर्यादा, प्रस्ताव पोहोचण्याची शेवटची तारीख आणि प्रवासखर्चाविषयी एखादे मोघम वाक्य, एवढाच मजकूर त्यात असतो. विभागाच्या सूचनाफलकावर असे पत्रक लागले की बहुतेक जण तारीख पाहतात आणि पुढे जातात. वास्तविक त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे उपविषयांचा परिच्छेद. कोणता प्रश्न या वर्षी विचारण्याजोगा मानला जाईल आणि कोणता मागे राहील, याचा बराचसा निर्णय त्या परिच्छेदातच झालेला असतो.

परिषदेत कोणी बोलावे हे ठरविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग निवडक निमंत्रणाचा. संयोजक आपल्या माहितीतील विद्वानांना पत्रे पाठवितात आणि तेच येऊन बोलतात. यात श्रम कमी आणि दर्जाची हमी बऱ्यापैकी. मात्र संयोजकांच्या ओळखीची मर्यादा हीच ज्ञानाची मर्यादा होऊन बसते. दुसरा मार्ग खुल्या आवाहनाचा. गडहिंग्लजच्या महाविद्यालयातील अधिव्याख्याता आणि दिल्लीतील प्राध्यापक या दोघांनीही तेवढ्याच शब्दांत आपला प्रश्न मांडावा, आणि नावे झाकून त्यांची तुलना व्हावी, अशी यामागची कल्पना आहे. कल्पना उदात्त आहे; व्यवहार नेहमीच तिच्याबरोबर चालतो असे मात्र नाही.

भारतात या विषयाची संघटित चर्चा जुनी आहे. भारतीय राज्यशास्त्र परिषदेची स्थापना 1938 मध्ये झाली आणि पुढच्याच वर्षी तिचे नियतकालिक निघू लागले. आंतरराष्ट्रीय राज्यशास्त्र संघटना युनेस्कोच्या पुढाकाराने 1949 मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झाली. दोन्ही संस्थांची इंग्रजी आद्याक्षरे एकच, त्यामुळे नवख्या संशोधकाचा काही काळ गोंधळ उडतो. सामाजिक शास्त्रांतील संशोधनाला सरकारी पाठबळाची नियमित व्यवस्था मिळाली ती 1969 मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाल्यावर. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले अध्यक्ष आणि जे. पी. नाईक पहिले सदस्य-सचिव होते. पुढे या परिषदेने देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील संशोधन संस्थांना अनुदान दिले, आणि दिल्लीबाहेरही चर्चेची केंद्रे उभी राहू लागली.

बंगळूर हे त्यांपैकीच एक केंद्र. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी 1972 मध्ये तेथे सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्था स्थापन केली. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास त्याच वर्षी सहसंचालक म्हणून तिच्यात आले. आज नागरभावी परिसरात ही संस्था आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठ जवळजवळ शेजारीच आहेत. बंगळूर विद्यापीठाचा ज्ञानभारती परिसरही तेथून दूर नाही. राज्यशास्त्र, कायदा आणि अर्थशास्त्र यांचे अभ्यासक इतक्या जवळ एकत्र आलेली ठिकाणे आपल्याकडे फारशी नाहीत.

समजा, अशाच एका संस्थेने परिषदेचे आवाहन काढले आहे आणि विषय आहे ‘स्थानिक स्वराज्य आणि प्रतिनिधित्व’. कर्नाटकात हा विषय पुस्तकी नाही. अशोक मेहता समितीने 1978 मध्ये मंडल पंचायतींची शिफारस केली, कर्नाटकाने 1983 मध्ये तसा कायदा केला, आणि जानेवारी 1987 मध्ये त्यानुसार निवडणुका झाल्या. त्यांत 25 टक्के जागा स्त्रियांसाठी राखीव होत्या. देशभर एकतृतीयांश जागा राखून ठेवणारी 73 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये अमलात आली. म्हणजे हा प्रयोग तिच्या सहा वर्षे आधीचा होता. महाराष्ट्राने 30 टक्के आरक्षण 1990 मध्ये आणले.

आता कोल्हापूर जिल्ह्यातील एका संशोधक विद्यार्थिनीची कल्पना करू. तिच्या पहिल्या मसुद्याचे शीर्षक आहे ‘पंचायत राज्य आणि स्त्रियांचे सक्षमीकरण : एक अभ्यास’. परीक्षकाला असे शीर्षक दिसले की तो पुढचे वाचण्याआधीच थोडा थकतो. शीर्षकात विषय आहे, प्रश्न नाही. ‘एक अभ्यास’ हे दोन शब्द तर आपल्या विद्यापीठांतील प्रबंधांवर इतकी वर्षे बसून आहेत की ते काढून टाकले तरी कोणाचे काही बिघडत नाही. विषय म्हणजे संशोधक जेथे उभा आहे ती जागा. प्रश्न म्हणजे त्याला तेथे काय दिसत नाही ते. प्रस्तावात दुसरी गोष्ट हवी.

प्रश्न कसा असतो याचे एक चांगले उदाहरण मुंबईचे आहे. मुंबई महानगरपालिकेत 1997 साली स्त्रियांसाठी राखीव असलेले काही प्रभाग 2002 मध्ये खुले झाले. रिखिल भावनानी यांनी एवढेच विचारले : आरक्षण उठल्यानंतर तेथे काय उरते? प्रभागांची निवड सोडतीसारख्या पद्धतीने होत असल्यामुळे पूर्वी राखीव असलेले प्रभाग आणि कधीही राखीव नसलेले प्रभाग यांची तुलना करणे शक्य होते. उत्तर असे मिळाले की, पूर्वी राखीव असलेल्या प्रभागात खुल्या निवडणुकीतही स्त्री निवडून येण्याची शक्यता इतर प्रभागांच्या सुमारे पाचपट होती. हा निबंध 2009 मध्ये अमेरिकेतील राज्यशास्त्राच्या अग्रगण्य नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याची ताकद भाषेत नव्हती, प्रश्नात होती. आणि तो प्रश्न एका वाक्यात मावत होता.

विद्यार्थिनी दुसरा मसुदा लिहिते. तिच्या घरापासून जवळ असलेले कागल हे तालुक्याचे गाव महाराष्ट्रात आहे. त्याच पुणे-बंगळूर महामार्गावर थोडे पुढे गेले की निपाणी लागते. ते बेळगाव जिल्ह्यात, म्हणून कर्नाटकात. दोन्हीकडे मराठी बोलली जाते आणि सोयरिकी सीमा पाहून होत नाहीत. 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी दोन्ही गावे मुंबई राज्यातच होती. मग 1987 मध्ये निपाणीच्या भोवतालच्या खेड्यांतील स्त्रियांना 25 टक्के जागा मिळाल्या आणि कागलच्या बाजूच्या खेड्यांना आणखी तीन वर्षे थांबावे लागले, या अंतराचा आजही काही मागमूस दिसतो काय? समाज एकच, कायदे दोन. प्रश्न नेमका आहे, आणि बंगळूरच्या परिषदेत तो विचारण्याला औचित्यही आहे.

येथे अनुभवी परीक्षक पेन्सिल उचलतो. कागल आणि निपाणी 1956 पर्यंत एकाच राज्यात होती हे खरे; पण कधीपासून? कागल हे कोल्हापूर संस्थानातील जहागिरीचे ठिकाण, आणि कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले ते 1949 मध्ये. निपाणी त्यापूर्वीच्या काळात ब्रिटिश मुलखात होती. म्हणजे एका छपराखालचा काळ जेमतेम साडेसात वर्षांचा. शिवाय कागल हे साधे गाव नव्हे. राजर्षी शाहू महाराज कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले, आणि 1902 मध्ये त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवल्या. प्रतिनिधित्व, राखीव जागा, शिक्षण या शब्दांना कागलच्या बाजूला जे वजन आहे ते निपाणीच्या बाजूला तसेच असेल असे गृहीत धरता येणार नाही. उलट निपाणीची स्वतःची वेगळी घडण आहे : तंबाखूची बाजारपेठ, विड्या वळणाऱ्या हजारो स्त्रिया, 1981 चे तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांचे आंदोलन. मजुरीसाठी घराबाहेर पडलेली आणि संघटनेची सवय झालेली स्त्री पंचायतीत कशी वागते, यावर कायद्यापेक्षा कारखान्याचा प्रभाव अधिक असू शकेल.

हा आक्षेप प्रस्ताव फेटाळण्यासाठी पुरेसा आहे काय? परीक्षकांचे दोन प्रकार असतात. एक जण समासात ‘तुलना सदोष’ असे लिहून कागद बाजूला ठेवतो. दुसरा हाच आक्षेप चार ओळींत लिहून पाठवितो आणि सुधारित मसुदा मागवितो. खुल्या आवाहनाचे खरे मोल दुसऱ्या परीक्षकाच्या हाती असते. ज्या विद्यार्थिनीच्या महाविद्यालयात संशोधनाची पद्धत समजावून देणारे कोणी नाही, तिच्यासाठी त्या चार ओळी म्हणजे पदव्युत्तर वर्गातील एक तास असतो. दुर्दैवाने शंभर-दोनशे प्रस्ताव तीन आठवड्यांत वाचावयाचे असले की दुसऱ्या प्रकारचा परीक्षकही पहिल्यासारखा वागू लागतो. संयोजकांनी मुदत ठरविताना लेखकाच्या सोयीबरोबर परीक्षकाच्या सोयीचाही विचार करावा, एवढेच यावर म्हणता येईल.

आणखी एक अडचण पत्रकात लिहिलेली नसते. प्रस्ताव इंग्रजीत लागतो. पंचायतीत बसलेली स्त्री स्वतः बोलते की तिच्या मागे भावकी बोलते, हे विद्यार्थिनीला पाहावयाचे आहे. ‘भावकी’ या शब्दात रक्ताचे नाते, शेताचा बांध, मानपान आणि मतांची बेरीज हे सर्व एकत्र येते. इंग्रजीत त्याला ‘नातेसंबंध’ असा शब्द दिला की बांधही जातो आणि बेरीजही. शब्द तसाच ठेवून एका वाक्यात त्याचा अर्थ द्यावा, हा मार्ग उत्तम; श्रीनिवासांसारख्यांनी गावातील व्यवहार बारकाईने पाहूनच ‘प्रभावी जात’ ही संकल्पना मांडली आणि ती जगभर गेली. दुसरीकडे निपाणी परिसरातील दप्तर बरेचसे कन्नडमध्ये आहे. ते कोण वाचणार, याचे उत्तर प्रस्तावात नसेल तर परीक्षक ते विचारणारच, आणि त्याचे विचारणे योग्य आहे. कन्नड शिकण्यास किंवा जाणकार सहकारी मिळविण्यास किती महिने लागतील हे प्रामाणिकपणे सांगणे, हे पद्धतीविषयीचे चार जड शब्द वापरण्यापेक्षा अधिक विश्वास निर्माण करते.

हाती नसलेल्या सामग्रीचे आश्वासन देण्याचा मोह मात्र मोठा असतो. परिषद सहा महिन्यांनी आहे, तोवर मुलाखती होतीलच, असे लेखक स्वतःला समजावतो. या संदर्भात श्रीनिवासांचीच हकीगत आठवते. म्हैसूरजवळच्या एका खेड्यात 1948 मध्ये केलेल्या क्षेत्रकार्याच्या, पुढे संस्कारित केलेल्या टिपणांच्या सर्व प्रती एप्रिल 1970 मध्ये स्टॅनफर्ड येथील जाळपोळीत नष्ट झाल्या. त्यांनी स्मरणाच्या आधारे ग्रंथ लिहिला. तो 1976 मध्ये प्रसिद्ध झाला आणि स्मरणावर लिहिला आहे हे त्यांनी शीर्षकातच सांगून टाकले. सामग्री कोणत्या प्रतीची आहे हे वाचकाला आधीच कळले, म्हणून त्याने ती त्याच तराजूत तोलली. ज्या प्रस्तावात ‘आजवर 12 मुलाखती झाल्या आहेत, 40 करण्याचा विचार आहे’ असे स्वच्छ लिहिलेले असते, त्याला परीक्षक सहसा हीच वागणूक देतात.

विद्यार्थिनीचा तिसरा मसुदा पहिल्यापेक्षा लहान आहे. ‘समाज एकच, कायदे दोन’ हे आवडते वाक्य तिने खोडले आहे. कागल शहर आणि निपाणी शहर वगळून सीमेच्या दोन्ही अंगांची, तंबाखू पिकविणारी आणि 1949 पूर्वी संस्थानाबाहेर असलेली खेडी मिळतात का, हे आधी तपासावे लागेल, असे तिने लिहिले आहे. न मिळाल्यास संस्थानी वारसा हाच तुलनेचा दुसरा पदर धरण्याची तयारी दाखविली आहे. प्रवासखर्चासाठी वेगळे पत्र जोडले आहे. बंगळूरला जाणाऱ्या रेल्वेचे दुसऱ्या वर्गाचे भाडे संस्था बहुधा देते. पण ते परत मिळते परिषद झाल्यावर, आणि तोवरचे पैसे कोणाकडून घ्यावयाचे, हा प्रश्न तिने घरी विचारावयाचे अजून बाकी ठेवले आहे.