फ्रीजर घेण्याआधी गॅसचं नाव वाचा



उन्हाळा जवळ आला की कंधार भागातल्या गटांच्या बैठकीत विषय निघतोच: दही, ताक, कुल्फी विकायला डीप फ्रीजर घ्यायचा का? किंमत, कर्जाचा हप्ता, वीजबिल यावर आपण तासभर बोलतो. पण त्यात गॅस कोणता, हे कुणी विचारत नाही. आज तेवढंच शिकू.

फ्रीजरच्या नळ्यांतून फिरणारा गॅस आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. नळी गळाली की हा गॅस हवेत जातो आणि पृथ्वीवर गोधडीसारखी ऊब धरून ठेवतो. १०० वर्षांचा हिशोब धरला, तर १ किलो गॅस किती किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो, बघा:

• आर-४०४ए : सुमारे ३९००
• आर-१३४ए : सुमारे १४००
• आर-२९० (प्रोपेन) आणि आर-६००ए (आयसोब्युटेन) : ५ पेक्षा कमी

म्हणजे आर-१३४ए फक्त २०० ग्रॅम गळाला, तरी सुमारे १२० लिटर पेट्रोल जाळल्याएवढं नुकसान. पहिल्या दोन्ही गॅसचा वापर कमी करायचं २०१६ च्या किगाली दुरुस्तीत ठरलं. भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली. आपल्याकडे २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कपात होईल.

मग आर-२९० आणि आर-६००ए चांगलेच का? हवामानासाठी हो. पण ते पेट घेतात. आपल्या सिलेंडरमधल्या गॅसचीच ही भावंडं. सिलेंडरमध्ये १४.२ किलो असतो, लहान फ्रीजरमध्ये ग्रॅममध्ये. तरी काळजी हवीच:

१. फ्रीजर चुलीपासून, शेगडीपासून लांब, हवेशीर जागी ठेवा.
२. दुरुस्तीला या गॅसचं प्रशिक्षण घेतलेलाच मेकॅनिक बोलवा.
३. पाटीवर लिहिलेलाच गॅस भरायचा. "दुसरा चालतो" म्हटलं तरी ऐकू नका. घरच्या सिलेंडरचा तर कधीच नाही.

स्वस्तात जुनं मशीन मिळतंय म्हणून घाई करू नका. आधी मागची पाटी वाचा, स्टार लेबल बघा आणि दुरुस्ती कोण करणार ते दुकानदाराला विचारा.

पुढच्या बैठकीसाठी काम: गावातल्या दुकानातल्या एका फ्रीजरच्या पाटीवरचं गॅसचं नाव आणि वजन वहीत लिहून आणा. ठराव त्यानंतरच करू.

तुमची क्षेत्र समन्वयक