तांब्याला चुंबक बनविणारा रेणू

तांब्याच्या कळशीला लोहचुंबक चिकटत नाही, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तसे का व्हावे, याची मीमांसा एडमंड स्टोनर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1938 साली केली. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक सूक्ष्म चुंबकच होय. परंतु बहुतेक धातूंत निम्म्यांची दिशा उर्वरित निम्म्यांच्या विरुद्ध असल्याने एकूण परिणाम शून्य होतो. सर्वांनी एकाच दिशेस वळावयाचे तर इलेक्ट्रॉनांमधील विनिमय-परस्परक्रिया प्रबळ हवी आणि सर्वोच्च ऊर्जेच्या पातळीवर त्यांना सामावून घेणाऱ्या अवस्थाही दाट हव्यात. या दोहोंचा गुणाकार 1 हून अधिक भरला तरच धातू आपोआप चुंबक बनतो. लोखंडात तो भरतो; तांब्यात फारच तोकडा पडतो.

स्टोनर ज्या लीड्स विद्यापीठात प्राध्यापक होते, तेथीलच संशोधकांनी सहकाऱ्यांसह 2015 साली या निकषावर मात केल्याचे ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांनी तांब्याचे काही नॅनोमीटर जाडीचे थर व 60 कार्बन अणूंच्या फुटबॉलसारख्या पोकळ रेणूंचे थर एकमेकांस लागून बसविले. (या रेणूत हायड्रोजन नसला तरी रसायनशास्त्रज्ञ त्याला सेंद्रिय रेणूंच्याच पंगतीस बसवितात.) हा रेणू इलेक्ट्रॉनांचा मोठा भुकेला. तो तांब्याच्या पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉन ओढून घेतो. सीमेवरील अवस्थांची मांडणी बदलते आणि तांबे नेहमीच्या तापमानासही चुंबकत्व दाखविते. मँगनीजच्या बाबतीतही हाच अनुभव आला.

अशा प्रयोगात लोखंडाचा कण मिसळल्याची शंका प्रथम येते, आणि ती रास्तच होय. म्हणून चुंबकत्व नेमके कोठे आहे, हे पाहणे अगत्याचे असते. म्यूऑन या कणांच्या साह्याने केलेल्या तपासणीत ते धातू व रेणू यांच्या सीमेवर आणि तिच्या लगतच आढळले.

याच्या उलटही घडते. कोबाल्ट थॅलोसायनिनचा रेणू सोन्यावर बसला की कोबाल्टचे चुंबकत्व लोपते. चिनी शास्त्रज्ञांनी 2005 साली त्या रेणूच्या कडेचे 8 हायड्रोजन अणू सूक्ष्मदर्शकाच्या सुईने तोडले, तेव्हा ते परत आले.

तांब्याचे हे चुंबकत्व अत्यंत क्षीण आहे. पवनचक्कीच्या जनित्रातील निओडिमियमची जागा ते घेईल, अशी अपेक्षा आज करणे घाईचे होईल. पाठ्यपुस्तकातील कोष्टकही खोटे ठरलेले नाही. ते जाड तांब्यासाठी आहे. कळशीच्या पत्र्यात पृष्ठभागावरील अणूंचे प्रमाण नगण्य असते, तर या थरात जवळपास प्रत्येक अणू सीमेच्या निकट असतो.