खटावात पडलेला महाबळेश्वरचा पाऊस

"आवो ताई, आमच्या खटावात येवढा पाऊस पडला आस्ता, तर मी हितं पुण्यात कशाला आलो आस्तो?"

लॅबमधले काका मूळचे खटाव तालुक्यातल्या वडूजचे. संध्याकाळी लॅबला कुलूप लावायचं म्हणून मागे उभे होते आणि माझ्या खांद्यावरून पडद्यावरचा आलेख बघत होते. सातारा जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांच्या पावसाच्या रेघा होत्या, आणि त्यांत खटावची रेघ सगळ्यांच्या डोक्यावरून चालली होती. मी एम.ई.च्या प्रबंधासाठी ३० पावसाळ्यांची आकडेवारी घेऊन बसले होते. दोन आठवडे तो आलेख मी रोज बघत होते. मला काही खटकलं नव्हतं. काकांना दहा सेकंदांत खटकलं.

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि खटाव-माणच्या पट्ट्यात पाचशेच्या आसपास. सरळ रेषेत दोन्हींत शंभर किलोमीटरही अंतर नाही. सह्याद्रीच्या आडोशाचा हा प्रताप शाळेच्या भूगोलात मी शिकले होते, परीक्षेत लिहिलाही होता. पण स्वतःच्या प्रोग्रॅममधून आलेल्या आकड्यावर माणूस भूगोलापेक्षा जास्त विश्वास ठेवतो.

चूक कुठे होती ते सांगण्यासाठी थोडं मागे जायला हवं. प्रोग्रॅम मॅटलॅब या संगणकीय भाषेत होता. जून ते सप्टेंबरचे १२२ दिवस, ११ तालुके आणि ३० वर्षं, म्हणजे ४०,२६० नोंदी. प्रत्येक नोंद म्हणजे एक स्ट्रक्चर आणि त्यात चार फील्ड: तारीख, तालुका, पाऊस, शेरा. अशा स्ट्रक्चरांचा एक लांबलचक ॲरे. फाइलमधली एक ओळ वाचायची, की ॲरेच्या शेवटी एक नोंद चिकटवायची. आमच्या भाषेत 'एंड प्लस वन'. लिहायला सोपं, वाचायला सोपं, आणि शिकताना सगळे असंच लिहितात.

यात काय बिघडतं ते पंगतीवरून चटकन कळेल. दहा पानं मांडलीत आणि अकरावा पाहुणा आला. ॲरेला मेमरीत सलग जागा लागते. शेजारी जागा नसली तर अकरावं पान नुसतं शेजारी मांडता येत नाही. मोठी ओसरी शोधायची, दहा जणांना पानांसकट उठवून तिथे बसवायचं, मग अकराव्याला बसवायचं. बारावा आला की पुन्हा सगळी उठबस. ४०,२६० पाहुणे असे एकेक करून आले, तर एकूण उठबस सुमारे ८१ कोटी होते. एक ते ४०,२६० ची बेरीज करून पाहा. नव्या आवृत्त्यांनी ही वाढ बरीच सुसह्य केली आहे, पण आमच्या लॅबमधली आवृत्ती जुनी होती आणि संगणक तिच्याहून जुना. फाइल वाचायला चारेक मिनिटं लागायची. चार मिनिटं म्हणजे काही फार नाही, पण दिवसातून वीस वेळा चालवायचं तर जीव मेटाकुटीला येतो.

उपाय सगळ्यांना माहीत असतो. पाहुणे किती ते आधी मोजा आणि तेवढी पानं एकदाच मांडा. याला प्रीअलोकेट करणं म्हणतात. मॅटलॅबचा एडिटर तर लूपमध्ये वाढणाऱ्या ॲरेखाली नारिंगी नागमोडी रेघ ओढून तसं सुचवतोही. ती रेघ घालवायच्या नादात मी पुढचं सगळं करून बसले.

पहिला प्रयत्न हास्यास्पद होता. साध्या आकड्यांच्या ॲरेसाठी झिरोज वापरून जागा धरतात, म्हणून मी इथेही ४०,२६० शून्यं मांडली आणि पहिल्या शून्याच्या जागी स्ट्रक्चर ठेवायला गेले. मॅटलॅबने ताबडतोब एरर दिली, की स्ट्रक्चरचं रूपांतर आकड्यात होत नाही. आकड्यांसाठी मांडलेल्या पंगतीत स्ट्रक्चर बसत नाही. ही चूक कोणी केली तर काळजी करू नका. जी चूक ओरडून सांगते तिच्यापासून फारसा धोका नसतो.

मग एका सीनिअरने झटपट युक्ती सांगितली: शेवटच्या, म्हणजे ४०,२६० क्रमांकाच्या नोंदीच्या एखाद्या फील्डमध्ये नुसते रिकामे चौकोनी कंस ठेव. एका ओळीत सगळा ॲरे तयार होतो. आधीच्या नोंदी आपोआप मांडल्या जातात आणि त्यांच्या फील्डांत रिकामे कंस येऊन बसतात. लूप उलटा, शेवटापासून पहिल्यापर्यंत चालवला तरी हेच होतं, कारण पहिल्याच फेरीत शेवटची जागा धरली जाते. दोन्ही युक्त्या चालतात. चार मिनिटांचं काम काही सेकंदांवर आलं आणि नारिंगी रेघ गेली. मी त्या दिवशी कँटीनमध्ये स्वतःच्या पैशाने वडापाव वाटले.

आता खरी गोम. फाइलमध्ये काही दिवसांच्या पावसाच्या जागी दोन आडव्या रेघा होत्या. पर्जन्यमापक बिघडला असेल किंवा वाचणारा गावाला गेला असेल. माझ्या पहिल्या, संथ प्रोग्रॅममध्ये अशा मजकुराचा आकडा करायला गेलं की मॅटलॅब नॅन द्यायचं, म्हणजे 'हा आकडाच नाही'. नॅन फार खवचट असतो. हजार आकड्यांत एक नॅन असला की बेरीजही नॅन आणि सरासरीही नॅन. हल्ली सरासरी काढताना 'ओमिटनॅन' म्हटलं की तो बाजूला ठेवता येतो, पण ही सोय २०१५ च्या आवृत्तीपासूनची. आमच्याकडे ती नव्हती. म्हणून नव्या, वेगवान प्रोग्रॅममध्ये मी स्वच्छता केली: आकडा नसेल तर पावसाचं फील्ड भरायचंच नाही, पुढच्या ओळीवर जायचं. जागा तर आधीच मांडलेली होती. ती रिकामी राहिली.

मॅटलॅबमध्ये सगळ्या नोंदींतला पाऊस एकत्र काढायचा तर चौकोनी कंसात ॲरेचं नाव, टिंब आणि फील्डचं नाव लिहायचं. देखणी सोय आहे. पण तिचा अर्थ असा होतो, की सगळ्या फील्डांतला मजकूर एकापुढे एक चिकटव. आणि रिकाम्या कंसात चिकटवायला काहीच नसतं. ४०,२६० नोंदींतून ४०,२६० आकडे यायला हवेत, तिथे रिकामी पानं गुपचूप उचलली जातात आणि मागचे सगळे एकेक पाट पुढे सरकतात. एरर नाही की इशारा नाही.

तालुके इंग्रजी वर्णानुक्रमाने होते. जावळी पहिला, कराड दुसरा, खंडाळा तिसरा, खटाव चौथा, कोरेगाव पाचवा, महाबळेश्वर सहावा. खटावचा पाऊस मी जागेवरून काढत होते: चौथ्यापासून दर अकरावा आकडा. प्रत्येक नोंदीत तालुक्याचं नाव लिहिलेलं असताना मी जागा मोजत बसले, हे आज लिहितानाही लाजिरवाणं वाटतं. पहिल्याच वर्षाच्या जूनमध्ये दोन नोंदी गळल्या आणि सगळं दोन घरं सरकलं. चौथ्याच्या जागी सहावा येऊन बसला. खटावच्या नावावर महाबळेश्वरचा पाऊस पडू लागला.

मला ते का दिसलं नाही, हेही पाहण्यासारखं आहे. महाबळेश्वरच्या नावावर आठवा, म्हणजे पाटणचा पाऊस आला होता. महाबळेश्वरइतका नसला तरी तोही सह्याद्रीकडचाच. माणच्या नावावर फलटणचा आला होता, म्हणजे कोरड्याच्या जागी कोरडा. बऱ्याच रेघा पटण्यासारख्या दिसत होत्या. पुढच्या वर्षी तिसरी नोंद गळली आणि खटावच्या वाट्याला माणचा पाऊस आला. तोही चूकच, पण खटावला शोभणारा. आणि अकरा नोंदी गळल्यावर तर कमाल झाली. सगळे तालुके पुन्हा आपापल्या नावावर आले, फक्त प्रत्येक दिवशी उद्याचा पाऊस दिसू लागला. काकांनी नेमका पहिल्या वर्षाचा आलेख पाहिला हे माझं नशीब. दहाव्या वर्षाचा पाहिला असता, तर मी तो प्रबंधात छापून मोकळी झाले असते.

त्या रात्री मी रिकाम्या कंसांच्या जागी नॅन ठेवला आणि पुढची कितीतरी वर्षं हेच इतरांना सांगत आले. स्ट्रक्चरांच्या ॲरेसाठी आधी एक कोरी नोंद तयार करा. सगळी फील्डं तिथेच, एकाच जागी, ठरलेल्या नावांनी लिहा. आकडा यायचा तिथे नॅन ठेवा, मजकूर यायचा तिथे कोरा मजकूर. मग रेपमॅटने त्या नोंदीच्या हव्या तेवढ्या प्रती मांडा. नॅन बेरीज नासवतो हे खरं, पण तो जागा सोडत नाही. आलेखात नॅनच्या जागी रेघ तुटते आणि ती तूट डोळ्यांना दिसते.

कोऱ्या नोंदीचा दुसरा फायदा उशिरा कळला. मधल्या काही वर्षांच्या फाइलींत शेऱ्याचा रकानाच नव्हता. त्या ओळींपासून बनवलेलं तीन फील्डांचं स्ट्रक्चर चार फील्डांच्या ॲरेत ठेवायला गेलं, की दोन्हींची घडण वेगळी असल्याची एरर यायची. आता मी कोऱ्या नोंदीची प्रत घेते आणि जे सापडेल तेवढंच तिच्यात भरते.

ती कोरी नोंद बनवतानाही एक चकवा आहे, आणि तो ओरडत नाही. शेरे एकापेक्षा जास्त असू शकतात, म्हणून शेऱ्याच्या फील्डमध्ये सेल ॲरे (महिरपी कंसांत लिहिलेली यादी) ठेवावा असं वाटतं, आणि स्ट्रक्चर बनवणाऱ्या 'स्ट्रक्ट' या फंक्शनला आपण महिरपी कंस देतो. स्ट्रक्टचा समज वेगळा असतो: सेल ॲरेत तीन घटक दिले म्हणजे तीन नोंदी हव्यात. रिकामा महिरपी कंस दिला तर शून्य नोंदी. शून्य नोंदींच्या रेपमॅटने लाख प्रती केल्या तरी हाती शून्यच. प्रोग्रॅम मात्र बिनतक्रार चालतो, कारण लूप पुन्हा एकेक पान वाढवायला लागतो. आपण समजतो जागा धरली आहे. एडिटरची नारिंगी रेघही गेलेली असते. म्हणून सेल ॲरे फील्डमध्ये ठेवायचा तर महिरपी कंसात आणखी एक महिरपी कंस. आणि मांडणी झाल्याबरोबर ॲरेची लांबी छापून बघा. एक ओळ लागते.

सीनिअरच्या झटपट युक्तीचा आणखी एक पदर मला पुढच्या वर्षी भोवला. मॅटलॅबमध्ये स्क्रिप्ट चालून संपली तरी तिची व्हेरिएबल्स वर्कस्पेसमध्ये तशीच राहतात. सकाळी ३० वर्षांची फाइल वाचली आणि दुपारी फक्त १० वर्षांची. शेवटच्या नोंदीत रिकामे कंस ठेवण्याची युक्ती जुना ॲरे पुसत नाही. तो आधीच मोठा असतो, त्यातलं मधलं एक फील्ड तेवढं कोरं होतं. दहा वर्षं नवी आणि मागे वीस वर्षं सकाळची. उलट्या लूपलाही हाच दोष आहे. रेपमॅटचा निकाल सरळ त्या नावात ठेवला की जुनं सगळं जातं. त्याहून बरं म्हणजे काम स्क्रिप्टऐवजी फंक्शनमध्ये लिहा. फंक्शनची पाटी दरवेळी कोरी असते.

एवढं सगळं सांगितल्यावर एक कबुलीही द्यायला हवी: माझ्या त्या कामाला स्ट्रक्चरांचा ॲरे मुळात नकोच होता. मॅटलॅब या नावातच मॅट्रिक्स आहे. स्ट्रक्चर आणि सेल ॲरे त्यात १९९६ च्या पाचव्या आवृत्तीत आले. एकाच प्रकारचे आकडे सलग मांडलेले असले की ही भाषा खूश असते. स्ट्रक्चरांच्या ॲरेत प्रत्येक नोंदीचं प्रत्येक फील्ड हा स्वतंत्र डबा असतो आणि प्रत्येक डब्यावर स्वतःची चिठ्ठी. आठ बाइटच्या एका आकड्यासाठी चिठ्ठीच शंभर बाइटच्या वर. प्रीअलोकेट करताना आपण फक्त मांडणीवरच्या जागा धरतो, डबे नाही. ते नंतर एकेक करून येतातच. त्याऐवजी एकच स्ट्रक्चर घेऊन त्याच्या पाऊस या फील्डमध्ये ४०,२६० आकड्यांचा साधा ॲरे ठेवला असता तर तो सव्वातीन लाख बाइटांत मावला असता, नॅननी एका झटक्यात मांडता आला असता, आणि त्यातून एखादी जागा गळण्याचा प्रश्नच आला नसता. २०१३ पासून टेबल हा प्रकारही आहे आणि रकान्यांच्या आकडेवारीला तो चांगला बसतो. नोंदी खरोखरच वेगवेगळ्या आकाराच्या असतील, एकीत तीन मोजमापं आणि दुसरीत तीनशे, तरच स्ट्रक्चरांच्या ॲरेकडे जावं, असं माझं मत. ते न पटणारे चांगले प्रोग्रॅमर मला माहीत आहेत.

फुकटचं हवं म्हणून मॅटलॅबऐवजी ऑक्टेव्ह वापरणाऱ्यांनी निश्चिंत राहू नये. रिकाम्या कंसांची गळती तिथेही अशीच होते.

एक प्रश्न हमखास येतो: नोंदी किती येणार हेच आधी माहीत नसेल तर? फाइल असेल तर ती एकदा नुसती मोजण्यासाठी वाचा, त्याला फार वेळ लागत नाही. यंत्राकडून आकडे येतच राहणार असतील, तर हजार पानं मांडा. ती भरली की दोन हजार करा, मग चार हजार. प्रत्येक वेळी दुप्पट केलं की उठबस क्वचितच करावी लागते. भरलेल्या नोंदींचा आकडा वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि शेवटी त्याच्या पुढचं शेपूट कापून टाका. कापायला विसरण्याची शक्यता दाट असते, मी दोनदा विसरले आहे. पण शेपटात नॅन होते, म्हणून पहिल्याच सरासरीला कळलं.