जुन्या विजेरीतील नवा दिवा

पुष्कळ घरांत एखादी जुनी विजेरी कोनाड्यात पडून असते. तिचे नळकांडे शाबूत असते, कळही ठीक चालते. गेलेला असतो तो केवळ आतील दिवा. तसा दिवा आता सहजासहजी मिळत नाही, म्हणून ती भंगारात जाते. वास्तविक थोड्याशा खटपटीने तिच्यात एलईडी बसविता येतो.

जुन्या दिव्यात टंगस्टनची केसासारखी तार असते. प्रवाहाने ती तापून पांढरी होते व प्रकाशते. हा दिवा म्हणजे एक चिमुकली शेगडीच होय! सेलमधील शक्ती बहुतेक उष्णतेतच जाते. एलईडीत तार नसते. अर्धवाहकाचे दोन भिन्न गुणांचे थर त्यात जोडलेले असतात व त्यांच्या सांध्यातून प्रवाह जाताना प्रकाश बाहेर पडतो. अमेरिकेत निक होलोन्याक यांनी १९६२ साली असा लाल दिवा तयार केला. तेजस्वी निळा दिवा मात्र १९९०नंतरच्या काही वर्षांत साधला. त्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या निळ्या दिव्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा लेप दिला, की पांढरा उजेड पडतो.

तथापि हा नवा पाहुणा जरा मानी आहे. प्रवाह उलट दिशेने दिला तर तो पेटत नाही, आणि अधिक दिला तर जळून जातो. म्हणून आधी हिशेब करावा. तीन सेलच्या विजेरीत ४.५ व्होल्ट मिळतात. लहान पांढऱ्या एलईडीला सुमारे ३.२ व्होल्ट व ०.०२ अँपिअर पुरतात. उरलेल्या १.३ व्होल्टला ०.०२ने भागले, की ६५ येतात. तितक्या ओहमचा रोधक वाटेत घालावा. बाजारात ६८ ओहमचा मिळतो, तो चालतो. दोन सेलची विजेरी या कामी फारशी उपयोगी नाही. तिचे ३ व्होल्ट मुळातच अपुरे असतात व सेल उतरू लागताच उजेड मंदावतो.

गेलेल्या दिव्याची काच फडक्यात गुंडाळून वडीलधाऱ्यांकडून फोडून घ्यावी व पितळी बूड तेवढे ठेवावे. एलईडीचा लांब पाय धन असतो. तो रोधकातून बुडाच्या मधल्या टोकाला आणि आखूड पाय पितळी कडेला सोल्डरने झाळावा. मधली तार कडेला शिवता कामा नये. सेलची धन टोके दिव्याकडे असली म्हणजे दिवा पेटतो.

जुना दिवा बहुधा ०.३ अँपिअर प्रवाह घेई. हा त्याच्या पंधराव्या हिश्शात भागवितो. त्यामुळे सेल कितीतरी अधिक दिवस टिकतात, आणि भर पावसात, अर्ध्या वाटेवर विजेरी विझण्याची धास्ती कमी होते.

मात्र एक उणीव राहते. जुन्या दिव्याचा उजेड चहूंकडे पसरे आणि मागची चकचकीत वाटी तो गोळा करून दूर फेकी. एलईडीचा उजेड बहुतेक समोरच जातो. वाटीला फारसे काम उरत नाही. म्हणून रात्री गोठ्याकडे जाताना पावलापुढे साप-विंचू आहे की काय, हे या विजेरीने चांगले दिसते. पलीकडच्या बांधावर काय हलले, ते मात्र दिसत नाही.