साच्यातील वस्तूचा भाव कसा मागवावा

धान्याच्या पेढीवर 'दाणा' म्हटले की गहू, ज्वारी, तूर डोळ्यांपुढे येते. परंतु आपल्या सुरतेतच उधना, पांडेसरा, सचिन या भागांतील कित्येक कारखान्यांत 'दाणा' म्हणजे प्लास्टिकचा दाणा होय. हजीऱ्याच्या रिलायन्स संकुलातही तो तयार होतो. आपल्या सभासदांच्या घरांतील तरुण मंडळी आता या दुसऱ्या दाण्याकडे वळू लागली आहेत. कोणास जरीच्या फिरक्या हव्यात, कोणास धान्याच्या डब्यांची झाकणे. माल विकण्यात तरबेज असलेली ही मंडळी भाव मागविण्यात मात्र फार घाई करतात, असे आम्हांस दिसून आले; सबब या विषयाचा विचार येथे मांडीत आहोत.

'जरीची फिरकी, नमुन्याप्रमाणे, भाव कळवावा.' बहुतेक पत्रांत मजकूर एवढाच. त्यावर तीन कारखानदारांकडून तीन भाव येतात. एकाने साच्याचा खर्च नगाच्या भावात घातलेला असतो, दुसऱ्याने तो वेगळा धरलेला असतो, आणि तिसऱ्याने दाणा गिऱ्हाइकाचा असे समजून केवळ मजुरी लिहिलेली असते. आकडा लहान म्हणून तिसऱ्याचा भाव पसंत करणे म्हणजे गोणीचा भाव व मणाचा भाव शेजारी ठेवून तुलना करण्यासारखे आहे.

धान्याचा नमुना म्हणजे त्याच राशीतील मूठभर माल. गहू अगोदरच तयार असतो; ओलावा, काडीकचरा, बारदान ठरले की सौदा होतो. साच्यातील वस्तू मात्र अद्याप जन्मासच आलेली नसते, आणि हाती असलेली जुनी फिरकी हा खरा नमुना नव्हेच. चातीवर वर्षानुवर्षे फिरून तिचे भोक झिजलेले असते. तेच माप साच्यात उतरले तर नवी प्रत्येक फिरकी पहिल्या दिवसापासून डगमगेल. म्हणून नमुन्याबरोबर मापांचा आराखडा हवा, आणि संगणकावर काढलेली त्रिमितीय आकृती असल्यास अधिक उत्तम. सर्वच मापे अति काटेकोर मागू नयेत, कारण काटेकोरपणाचे पैसे पडतात. भोकाचे माप मिलिमीटरच्या कितव्या अंशापर्यंत मागेपुढे चालेल ते लिहावे. कडेच्या जाडीस सवलत द्यावी. वस्तू साच्यातून सुटावी म्हणून उभ्या बाजूंस किंचित उतार द्यावा लागतो, आणि रस शिरण्याच्या जागी खूण राहते. कोणती बाजू दर्शनी आहे व खूण कोठे चालेल, हे आपण न कळविल्यास कारखानदार आपल्या सोयीने ठरवितो.

दाण्याचे नाव तर अवश्य लिहावे. वितळलेला रस थंड होताना आखडतो, आणि प्रत्येक दाण्याचे आखडणे निराळे. १०० मिलिमीटरची वस्तू एबीएसची असल्यास साधारण अर्धा मिलिमीटर आखडते. पॉलिप्रोपिलीनची असल्यास दीड मिलिमीटर, कधी त्याहूनही अधिक. साचा एका दाण्यासाठी कोरला आणि पुढे स्वस्त म्हणून दुसरा दाणा वापरला, तर माप बिघडणारच. डब्याच्या झाकणाचा अन्नाशी संबंध येतो. तेथे पॉलिप्रोपिलीनसाठी भारतीय मानक आयएस १०९१० चा उल्लेख करावा, व दाणा कोरा हवा, दळलेल्या भंगाराची भेसळ नको, असे स्पष्ट लिहावे. भेसळीची परीक्षा डोळ्यांनी होत नाही, हे धान्याच्या व्यापाऱ्यास निराळे सांगावयास नको.

या धंद्याच्या इतिहासातील एक गोष्ट आपल्या समाजास आवडेल. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट याने बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंतास पर्याय शोधता शोधता सेल्युलॉइडचा धंदा उभा केला, आणि १८७२ साली त्याने व त्याच्या भावाने रस दाबून साच्यात भरणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. हत्तीचा जीव वाचविणे हा त्यांचा हेतू होता असे नव्हे; तरी आरंभ तेथून झाला.

आता संख्येकडे वळू. समजा, साच्यास २,००,००० रुपये पडले. १०,००० नग काढले तर नगामागे साच्याचेच २० रुपये. १,००,००० काढले तर २ रुपये. म्हणून वर्षाची एकूण गरज व एका खेपेस लागणारे नग, असे दोन्ही आकडे द्यावेत, आणि ते खरे द्यावेत. भाव उतरावा म्हणून फुगविलेल्या आकड्यावर कारखानदार अनेक पोकळ्यांचा महाग साचा सुचवितो. एका पोकळीच्या साच्यातून दर ३० सेकंदांस एक नग, म्हणजे तासास १२० नग. चार पोकळ्यांच्या साच्यातून, वेळ तोच राहिल्यास, ४८०. मागणी थोडी असेल तर त्या वेगाचा उपयोग काय? साच्याचे पोलाद कोणते व त्यातून किती नग निघण्याची हमी, हेही विचारावे. वस्तूचे निव्वळ वजन आणि वाटेत गोठलेल्या रनरसकट वजन वेगवेगळे मागावे. बारदान वजा केल्यावाचून आपण तरी हिशेब कोठे करतो?

सर्वांत मोठा प्रश्न साच्याच्या मालकीचा. आमच्या परिचयातील एका तरुणाने साच्याचे पूर्ण पैसे भरले. पुढे भावावरून बिनसले, तेव्हा कारखानदाराने साचा देण्याचे नाकारले. कागदावर मालकीचा शब्दही नव्हता. घरची साठवण त्या पोलादात अडकून पडली. २०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १४३ मध्ये जॉबवर्कला पाठविलेला माल परत आणण्यास मुदत आहे. साचे व डाय यांना ती मुदत लागू नाही. साचा परत केव्हा येईल हे सरकार ठरविणार नाही, आपल्या कागदानेच ते ठरावे. साचा कोणाचा, त्यावर नाव कोणाचे कोरावे, दुरुस्ती व विमा कोणाकडे, मागितल्यास किती दिवसांत परत, त्यातून दुसऱ्यास माल काढून देण्यास मनाई, इतके भाव मागवितानाच लिहावे. पैसे दिल्यानंतर या अटी कोणी मान्य करीत नाही.

रंगाचा तुकडा, छपाई, बांधणी, पोहोचविण्याचे ठिकाण, कर वेगळा की धरून, पहिले नमुने किती दिवसांत, या बाबी एकेका ओळीत येतात. दाण्याचा भाव खाली-वर होतो. यास्तव कोणत्या तारखेचा दाण्याचा भाव धरला आहे ते कारखानदाराकडून लिहून घ्यावे, म्हणजे पुढील वाढ वा घट त्याच प्रमाणात लावता येते. असे एकच पत्र, एकाच मजकुराचे, तिघांस पाठवावे आणि उत्तरासाठी एकच तारीख द्यावी.