विमानतळावरचा शिकाऊ उमेदवार काय शिकतो?

आपल्या शाळेत विमानांचा विषय निघाला की गाडी वैमानिकापाशी येऊन थांबते. एनडीए, मग हवाई दल, मग फायटर, असा आपला क्रम ठरलेला. पण विमानाची देखभाल किंवा दुरुस्ती झाल्यावर ते उडण्यास योग्य आहे, असे कोणीतरी सही करून लिहून दिलेले असते. त्या सहीशिवाय वैमानिक ते विमान हलवत नाही. ही सही करणारा माणूस सुरुवातीला शिकाऊ उमेदवारच असतो. त्याचे शिक्षण कसे होते, ते या लेखात पाहू.

उदाहरणासाठी मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ घेऊ. येथे वर्षाला पाच कोटींहून अधिक प्रवासी ये-जा करतात. धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. तरीही गर्दीच्या वेळी तासाला चाळीसहून अधिक विमाने उतरतात किंवा उडतात. देशांतर्गत मार्गावरचे एअरबस ए-३२० उतरले की साधारण अर्ध्या ते पाऊण तासात पुन्हा निघायचे असते. तेवढ्या वेळात प्रवासी उतरतात, सामान निघते, सफाई होते, इंधन भरले जाते आणि विमानाची तपासणीही होते.

या कामात येण्याचे मुख्य मार्ग दोन. दहावीनंतर आयटीआय किंवा डिप्लोमा करून शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ नुसार उमेदवारी करता येते. दुसरा मार्ग म्हणजे बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेऊन विमान देखभाल अभियांत्रिकीच्या मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश घ्यायचा आणि पुढे विमानतळावर प्रत्यक्ष काम करायचे. परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजेच डीजीसीए, देते. बी-१ हा परवाना मुख्यतः इंजिन आणि यांत्रिक भागांसाठी, तर बी-२ हा विमानातील इलेक्ट्रॉनिक यंत्रणांसाठी असतो. त्याच्या लेखी परीक्षांत उत्तीर्ण होण्यासाठी ७५ टक्के गुण लागतात. आपण ३३ वर पास होतो, हे येथे आठवावे!

पहिल्या दिवसांत नवख्याच्या हाती पाना येत नाही. आधी सुरक्षेचे नियम येतात. बोटातली अंगठी काढायची. चमकणारे जॅकेट आणि कानांवर आवाजरोधक घालायचे. विमान जागेवर येऊन उभे राहिले तरी लगेच पुढे जायचे नाही. इंजिने बंद होऊन विमानावरचा लुकलुकणारा लाल दिवा विझला की मगच जवळ जायचे. चालू जेट इंजिन समोरच्या माणसाला आत ओढू शकते.

मग तो परवानाधारक अभियंत्याबरोबर विमानाभोवती फेरी मारतो. टायरवरच्या खाचा किती झिजल्या, कुठे चीर पडली आहे का, हे पाहायचे. ए-३२० च्या मुख्य चाकांत सुमारे २०० पीएसआय दाब असतो, मोटारीच्या टायरच्या सहापट तरी. त्यात साधी हवा न भरता नायट्रोजन भरतात, कारण ब्रेक तापले तरी तो आगीला मदत करत नाही आणि त्यात ओलावाही नसतो. ब्रेकपाशी एक छोटी पिन बाहेर आलेली असते. ब्रेक झिजतो तशी ती आत जाते. ती पृष्ठभागाशी समतल झाली की ब्रेक बदलायचा. इंजिनाच्या पंख्याच्या पात्यांना पक्षी किंवा खडा लागून पोचा आला आहे का, कुठून तेल गळते का, हेही पाहायचे.

हत्यारांचा हिशेब हा या कामाचा मोठा भाग आहे. पेटीतल्या फोममध्ये प्रत्येक पान्याच्या आकाराचा खळगा कापलेला असतो. खळगा रिकामा दिसला की पाना बाहेर राहिला. आपण कोतमध्ये रायफली मोजून जमा करतो, तसेच हे. एक हत्यार जरी सापडले नाही तरी ते शोधल्याशिवाय विमान सोडता येत नाही. याचे कारण समजण्यासाठी २५ जुलै २००० चा पॅरिसचा कॉंकॉर्ड अपघात पुरेसा आहे. आधी उडालेल्या दुसऱ्या एका विमानाची सुमारे ४३ सेंटिमीटर लांबीची धातूची पट्टी धावपट्टीवर पडली होती. ती कॉंकॉर्डच्या चाकाखाली आली, टायर फुटला, त्याचा तुकडा इंधनाच्या टाकीवर आदळला आणि आग लागली. विमानातील १०९ आणि जमिनीवरील ४ माणसे गेली. ती पट्टी बसवताना निर्मात्याने ठरवून दिलेली पद्धत पाळलेली नव्हती, असे तपासात आढळले.

दुसरे उदाहरण १० जून १९९० चे. ब्रिटिश एअरवेजच्या उड्डाण ५३९० मध्ये विमान वर चढत असतानाच वैमानिकासमोरची काच निखळली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. कर्मचाऱ्यांनी त्याला धरून ठेवले आणि सहवैमानिकाने साउदॅम्प्टनला विमान उतरवले. सुदैवाने सगळे वाचले. काच नुकतीच बदललेली होती. ९० पैकी ८४ बोल्ट हवे त्यापेक्षा सुमारे ०.६६ मिलिमीटरने बारीक होते. ते बसवणारा नवखा उमेदवार नव्हता, अनुभवी माणूस होता. रात्रीच्या पाळीत त्याने जुन्या बोल्टशी नवे बोल्ट नजरेनेच जुळवले होते. पुस्तकातला क्रमांक पाहिला असता तर चूक तिथेच कळली असती.

अशा घटनांमुळे परवान्याच्या अभ्यासक्रमात मानवी घटक हा वेगळा विषय आहे. १९९३ मध्ये कॅनडाच्या गॉर्डन ड्युपाँट यांनी देखभालीतील चुकांची बारा कारणे मांडली. थकवा, घाई, लक्ष विचलित होणे, फाजील आत्मविश्वास ही त्यांतली काही. त्यातले एक कारण मला आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे वाटते: दिसत असूनही न बोलणे.

शिकाऊ उमेदवाराला विमान सोडण्याची सही करता येत नाही. मान्यताप्राप्त संस्थेत अभ्यासक्रम केला तरी परवान्यासाठी दोन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. तोवर तो केलेले काम आपल्या वहीत लिहितो आणि वरिष्ठ ते तपासतो. पण सही वरिष्ठाची असली तरी बोल्ट आवळणारा हात कित्येकदा उमेदवाराचाच असतो. प्रवासी दारापाशी उभे आहेत, उशीर होतो आहे आणि वरिष्ठ विचारतो, "झाले ना?" तेव्हा "सर, एक बोल्ट तपासायचा राहिला आहे," असे म्हणणे सोपे नसते.

आपल्याला "येस सर" म्हणण्याची सवय लावली जाते आणि ती हवीच. पण जे झालेले नाही ते झाले असे सांगणे म्हणजे आज्ञापालन नव्हे. वरिष्ठ आपल्या शब्दावर सही करणार असतो, म्हणून त्याला खरे सांगणे हीच शिस्त आहे. ज्युनिअरने असे सांगितल्यावर त्याच्यावर न ओरडणे, ही सीनिअरची शिस्त.

मुंबईचा विमानतळही तपासणीसाठी थांबतो. ९ मे २०२४ रोजी पावसाळ्यापूर्वीच्या देखभालीसाठी दोन्ही धावपट्ट्या सकाळी ११ ते संध्याकाळी ५ पर्यंत बंद ठेवल्या होत्या. एवढ्या गर्दीच्या ठिकाणाला सहा तास थांबणे परवडते, तर एका बोल्टसाठी पाच मिनिटे नक्कीच परवडतात. ज्या मित्रांना यंत्रांची आवड आहे, त्यांनी दहावी-बारावीनंतर या मार्गाचाही विचार जरूर करावा.